फ्लोरियनने झाळलेले सांधे

फ्लोरियन कझमारेकला शहाणपण शिकवायला जाऊ नये. जन्मभर नळकाम केलेला माणूस, बायको गेल्यावर तळघरात बिअर करायला लागला आणि तिथेही आपणच वस्ताद म्हणून मिरवायला लागला. मी त्याची शेजारीण. आमच्या विस्कॉन्सिनच्या थंडीत दोघांनी एकमेकांच्या दारातला बर्फ आयुष्यभर उपसलाय, म्हणून मी त्याला तोंडावर बोलते, एवढंच.

या वसंतात त्याची बिअर सारखी पुळकवणी व्हायला लागली. मोड आणलेले जव गरम पाण्यात भिजत असताना वरचेवर गार पडायचे. मी म्हटलं, "अरे बाबा, माझ्यासारखं कर. गरम पाण्याच्या टाकीत तांब्याच्या नळीचं वेटोळं बसव. जवाचं गोडं पाणी पंपाने त्यातून फिरवून परत जवावर सोड. गार पडायची बिशाद नाही."

"ते कळतं मला."

"आणि जोडण्या आवळायच्या घे, पान्याने बसणाऱ्या."

"आवळायच्या?" तो खो खो हसला. "मार्लीस, ज्यांना धातू वितळवून सांधा झाळता येत नाही ना, त्यांच्यासाठी असतं ते. तुझ्यासाठी."

काम मात्र देखणं केलं मेल्याने! नळीत वाळू ठासून ती रंगाच्या डब्याभोवती गुंडाळली, कुठे चेपली नाही. टाकीच्या पोटाला दोन भोकं पाडली, आत वेटोळं उतरवलं आणि नळीचे सांधे झाळले. ज्योत लावली, झाळायच्या तारेचं टोक टेकवलं, की धातू सुर्रकन सांध्यात शिरायचा. एक थेंब गळेल तर शपथ. मला हेवाच वाटला, खोटं कशाला बोलू?

शनिवारी पहिली बिअर चढवली. त्याची मुलगी जोलीन आली, सोबत चार वर्षांची टेस. आमच्याकडे बिअर करायच्या दिवशी पोरांना जवाच्या गोड्या पाण्याचा कप मिळतोच. हॉप्सची कडू फुलं पडायच्या आधीचं, उनउनीत, मधासारखं गोड. आजोबांनी स्वतः कप भरून दिला. टेसने ओठांवरच्या फेसाच्या मिशा पुसल्या आणि म्हणाली, "आजोबा, आणखी."

"घे की राणी, तुझंच आहे!"

कप धुवायला जोलीन वर गेली. मी म्हटलं, "फ्लोरियन, माझ्या टाकीचा एक सांधा पाझरतोय. मीही झाळून बघते, तुझी ती तार दे जरा." त्याने कॉफीच्या जुन्या डब्यातून रीळ काढून माझ्या हातात ठेवलं. भलतंच जड. चष्मा लावून रिळावरची चिठ्ठी वाचली. अर्धं कथील, अर्धं शिसं.

"अरे, हे शिसं आहे! पाण्यात उतरतं हे!"

"मग? नवी तार भिकार आहे. शिशाच्या तारेवर बंदी येणार म्हणून कळलं तेव्हा दुकानातली सगळी उचलली मी. आमच्या धंद्यातल्या सगळ्याच जुन्या लोकांकडे असते."

"अरे मूर्खा, पोरीने दोन कप प्यायलेत त्यातून!"

"बोटभर सांधा गं तो. आम्ही ह्याच्यावरच वाढलो, मेलो का?"

जोलीन जिन्यात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. तिने तडक टेसला उचललं आणि गाडीत घातलं. तेव्हा कुठे फ्लोरियनचा चेहरा उतरला. टाकीतलं पाणी, जव, गोडं पाणी, सगळं त्याने मोरीत ओतलं. मी नको म्हटलं नाही.

टेसच्या रक्ततपासणीचा निकाल ऐकायला डॉक्टरीणबाईंनी बोलावलं, तेव्हा जोलीनने मलाही सोबत नेलं. बापाशी एकटीने बोलायची तिची तयारी नव्हती. फ्लोरियन टोपी हातात धरून आधीच येऊन बसला होता.

"शिसं जास्त आहे," बाई म्हणाल्या. "बरंच."

"माझ्यामुळे," फ्लोरियन म्हणाला. "मी पाजलं तिला."

बाईंनी मान हलवली. "नाही आजोबा. दोन कपांनी एवढं होत नाही. हे रोजचं आहे, कित्येक महिन्यांचं. जोलीन, तुमचं घर जुनं आहे का? जुन्या रंगात शिसं असतं."

"नाही हो. नवीन आहे. टेसच्या जन्माच्या वर्षी बांधलं."

"मग नळाचं पाणी तपासून घ्या. नळकाम कुणी केलंय?"

अगं बाई! जोलीनने बापाकडे पाहिलं. फ्लोरियनच्या हातातली टोपी खाली पडली, ती त्याला उचलताही येईना.

"मीच," तो म्हणाला. "सगळं. कौतुकाने केलं. एकही जोडणी बाहेरच्या माणसाला करू दिली नाही."

टेस जमिनीवर ठोकळे रचत होती. फ्लोरियन तिच्याकडे बघत राहिला आणि मग लहान पोरासारखा रडायला लागला. इतक्या वर्षांत, बायकोच्या मातीलाही, मी त्याला रडताना पाहिलं नव्हतं. मला त्याचा इतका राग आला होता आणि इतकी कीवही आली, की काय करावं सुचेना.

जोलीनने टोपी उचलून त्याच्या मांडीवर ठेवली.

"बाबा, उद्या सकाळी या," ती म्हणाली. "सगळे पाइप कापून काढा. नवे कुणाकडून बसवायचे ते मी बघते."

"आणि टेस?"

"टेसला मी तिच्या दुसऱ्या आजीकडे ठेवते. तुम्ही असाल तोवर ती घरी नसेल."