कुरणातले हिरवे डाग

आमच्या गावात कुणाचं ढोर चोरून दुसऱ्याच्या गवतात शिरलं, की अजूनही शेजारच्या काकींच्या म्हशीचा दाखला देतात. ती म्हैस आमच्या कुरणात कधीच शिरली नव्हती. मला ते माहीत होतं आणि मी बोललो नाही. आता लिहून ठेवतो.

मिठाच्या सत्याग्रहानंतरचा दुसरा की तिसरा पावसाळा असेल. मी पंचविशीचा, घरचा कारभार नुकताच हाती आलेला. गावावरच्या कातळपठारावर, म्हणजे सड्यावर, आमचं राखलेलं कुरण होतं. कातळावर वीतभर माती, त्यामुळे गवतही बेताचंच. काकी विधवा. एका म्हशीच्या दुधाचा रतीब घालून दोन मुली वाढवत होत्या. त्यांना कुरण नव्हतं. म्हैस गावच्या मोकळ्या सड्यावर चरे.

श्रावणात कुरणात गेलो, तर मधेमधे ताटाएवढे गडद हिरवे डाग. भोवतालचं गवत घोट्याला, डागांतलं गुडघ्याला. गुराचं मूत पडतं तिथलं गवत असं माजतं, हे आमच्याकडे पोरंही जाणतात. काकींच्या घराच्या बाजूचा गडगा, दगडी कुंपण, ढासळला होता. त्याचे दगड पाहिले आणि मी तडक गावकी बोलावली.

काकी पदर खोचून उभ्या राहिल्या. "गवत खुडलेलं दाखव की! चरायला आलेली म्हस उपाशी परत गेली काय?"

"पावसाआधी शिरली असेल. वाळलेलं खाल्लं असेल," मी म्हणालो.

"बरं. मग शेणाचा एखादा सुकलेला पो तरी दिसायला हवा. का माझी म्हस नुसती मुततेच रे मेल्या?"

लोक हसले. मीही हसलो, आणि हसता हसता गार पडलो. वैशाखअखेर गोठ्याची जमीन उकरून नवी चोपली, तेव्हा माझ्याच तीन गाई आठ दिवस कुरणात खुंट्यांना बांधल्या होत्या. शेण मी रोज पाटीने उचलून भाताच्या शेतात नेलं. मूत तेवढं मातीत राहिलं. डागसुद्धा तीनच ठिकाणी दाटीने होते.

पंचांनी माझ्याकडे पाहिलं. सगळ्या गावासमोर खोटा ठरायची लाज वाटली. खाली बघत म्हणालो, "पाहिलं ते सांगितलं."

काकींनी त्या वर्षी सड्यावर म्हैस न्यायची नाही, असं ठरलं. विकतचा पेंढा त्यांना झेपेना. दसऱ्याआधी सावर्ड्याकडचा एकजण म्हैस घेऊन गेला. ती जाताना हंबरत होती, आणि मी माजघरात बसून होतो. काकी दुसऱ्यांच्या शेतावर मजुरीला जाऊ लागल्या.

पुढच्या वैशाखात मी गाई पुन्हा तिथेच बांधल्या. खात्री करायला म्हणून, की दुसरीकडे सावली नव्हती म्हणून, आता सांगता येत नाही. श्रावणात डाग उगवले. डोक्यावर गवताचा भारा घेतलेल्या काकी गडग्यापाशी थांबल्या.

"यंदा कुणाची म्हस शिरली रे?"

आवाजात राग नव्हता. मी गडग्याचा दगड नीट बसवत राहिलो. तो आधीच नीट बसलेला होता.

काकी जाऊन पुष्कळ वर्षं झाली. धाकटी लेक खेडला असते, तीही आता म्हातारी. हा कागद आधी तिला वाचून दाखवणार. मग गावकीत.