भोपळ्यातला इलेक्ट्रॉन

लॅबमधली बेसिनं धुता धुता मला एक कळलं. वरचं पाणी सगळं वाहून जातं, पण तळाला गाळ राहतोच. किस्स्यांचंही तसंच. सांगलीच्या एका कॉलेजात केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये मी शिपाई होतो. शाळेची पायरी चढलो नव्हतो, पण हयात गेली ती शिकलेल्या माणसांत. गाळ एवढा साठलाय, की कधीतरी उपसायलाच हवा!

हे किस्से सत्तर सालानंतरचे. पवारसर तेव्हा नवे लागले होते. तरणे, साताऱ्याकडचे, नेमणूक तात्पुरती. क्वांटम नावाचा धडा अभ्यासक्रमात नवाच आला होता. तो शिकवायला कुणी तयार नव्हतं, म्हणून बांधला यांच्या गळ्यात. विद्यापीठाची कमिटी येऊन वर्गात बसणार, तिचा शेरा चांगला पडला तर सर राहणार, नाहीतर बिस्तरा बांधून गावी. हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. त्यामुळं वर्गात हशा झाला, की आमची नजर आधी दाराकडं जायची.

*

सरांनी फळ्यावर गोल काढला आणि आत खडूनं टकाटक ठिपके मारले. मधे दाट, कडेला विरळ. म्हणाले, "हा ऑर्बिटल. इलेक्ट्रॉन नेमका कुठं आहे ते सांगता येत नाही. जिथं ठिपके दाट, तिथं सापडायची शक्यता जास्त."

मागच्या बाकावरनं आवाज आला, "म्हंजे आमच्या गावचा तलाठी की सर!"

सर म्हणाले, "मग त्याचे दाट ठिपके कुठं?"

"हाटेलात!"

वर्ग खो खो हसला. तेवढ्यात दारात मोठे सर, म्हणजे आमचे विभागप्रमुख, येऊन थांबले. हसणं जागच्या जागी विझलं. मोठे सर नुसतं बघून गेले. ते जास्त वाईट!

*

इलेक्ट्रॉनचं गणित लाटेचं असतं म्हणे. ती लाट दाखवायला सरांनी मला गुरांचा कासरा आणायला लावला. एक टोक दाराच्या कडीला बांधलं, दुसरं हातात धरून हलवायला लागले. कासऱ्याला दोन फुगे आले, मधला भाग जागेवर थांबला. पोरं डोळे फाडून बघतायत, आणि मोठ्या सरांनी बाहेरनं दार ओढलं!

पवारसर कासऱ्यासकट दाराशी आले. मोठ्या सरांनी कासरा पाहिला, सरांना पाहिलं.

"पवार, जनावर कुठंय?"

सरांचा चेहरा पांढराफटक. तरी तोंडातनं निघूनच गेलं, "सर, इथंच कुठंतरी असण्याची शक्यता आहे."

त्याच दिवशी तक्रार प्राचार्यांकडं गेली.

*

पी नावाचा एक ऑर्बिटल असतो. सर म्हणाले, "डंबेलसारखा." निम्म्या पोरांनी डंबेल बघितलेलंच नव्हतं. मग मला हुकूम, "तात्या, मिरजेला जा. तंबोऱ्याचे दोन भोपळे आणा, देठाला देठ चिकटवून."

मिरजेतल्या कारागीर चाचांनी मला दोनदा विचारलं, "हे वाजवणार कोण?"

"कुणीच न्हाई चाचा. नुसतं बघायचं."

"कॉलेजचं काम दिसतंय!"

परत येताना एसटीत भोपळे मांडीवर. कंडक्टर म्हणाला, "तात्या, भजन कुठं हाय?"

"कॉलेजात. इलेक्ट्रॉन शिकवायला न्यायलोय."

"ह्यो कोण?"

"दिसत न्हाई. पण समदीकडं हाय म्हणत्यात."

कंडक्टरनं हात जोडले. "मग देवच की गड्या!"

मोठ्या सरांनी मात्र भोपळे बघून हात जोडले नाहीत. म्हणाले, "पवार, मळा लावा आता. कमिटी गेल्यावर तेच करायचंय!"

*

कार्बनमध्ये चार ऑर्बिटल मिसळून चार नवे हायब्रीड ऑर्बिटल होतात, असं सर सांगत होते, तर एका पोरानं त्यांना अडवलं. "सर, एक ऑर्बिटल गोल, तीन भोपळ्यागत. मिसळल्यावर चारी सारखे कसे हुतील?"

सर म्हणाले, "घरी हायब्रीड जोंधळा लावलाय?"

"व्हय सर."

"त्याचे आईबाप एकसारखे असतात?"

"न्हाई. येगयेगळ्या जातीचं."

"आणि रानात उगवलेली ताटं?"

"समदी एका उंचीची."

"मग?"

पोरगं बसता बसता म्हणालं, "पर सर, भाकरीला चव न्हाई."

"कार्बनची भाकरी करत नाहीत. बस खाली!"

*

कमिटीच्या आदल्या दुपारी सरांनी डबा उघडलाच नाही. मला स्टुलावर बसवलं आणि सगळा धडा मला शिकवला. शेवटी म्हणाले, "तात्या, कळलं?"

"न्हाई सर."

परत शिकवला. "आता?"

"न्हाई."

सर रडकुंडीला आले. "अहो, खोटं तरी हो म्हणा!"

"तुमची नोकरी हाय सर. खोटं कसं बोलू?"

*

कमिटी आली. जाड भिंगाचे एक प्रोफेसर पहिल्या बाकावर बसले. त्यांनी भोपळे उचलले आणि कमल नावाच्या मुलीला उभं केलं. वडूजकडची पोर. वर्षभरात तिचा आवाज मी ऐकला नव्हता.

"इलेक्ट्रॉन या भोपळ्यात सापडतो, त्या भोपळ्यात सापडतो. मधे जोडावर कधीच सापडत नाही. बरोबर?"

"हो सर."

"मग इकडून तिकडे जातो कसा?"

पवारसरांच्या मुठीत खडू मोडला, तो आवाजसुद्धा मला ऐकू आला.

कमल हळू बोलली, "जात न्हाई सर. दोन्हीकडं मिळून तो एकच."

"म्हणजे?"

"आमच्या गावासारखं. ओढ्याच्या अलीकडं गाव, पलीकडं आमची बौद्धांची वस्ती. मधे कुणाचं घर न्हाई, कुणी थांबतबी न्हाई. तरी नकाशात गाव एकच हाय."

मोठे सर ताडकन उठले. "विषयाला धरून बोल!"

"तुम्ही बसा," प्रोफेसर म्हणाले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. भोपळे अगदी हळू टेबलावर ठेवले. मग पवारसरांकडं बोट केलं.

"पोरी, हे तुला यांनी शिकवलं?"

सगळ्यांच्या माना तिच्याकडं. नुसतं हो म्हण गं बाई, मी मनात म्हणत होतो.

कमलनं सरांकडं पाहिलं.

"निम्मं सरांनी."