हिरामणचा निळा फोटो

निर्मलावहिनींचा फोन आला तेव्हा मी फुलचूरच्या घरी दाढीला साबण लावून बसलो होतो. "भाऊजी, हे उठून नाही राहिले..." एवढंच त्या बोलल्या. तसाच तोंड पुसून दवनीवाड्याला निघालो. रात्री जागला असेल, झोप लागली असेल, अशी वाटभर स्वतःची समजूत घालत होतो. हिरामण झोपेतच गेला होता. आदल्याच दिवशी फोनवर त्याने मला झापलं होतं, "पोरीच्या लग्नाले गोंदियाचा फोटोवाला सांगतला म्हने? सांग. पन निळा फोटो मीच काढीन. प्रज्ञाले कबूल केलो आहो मी." गुडघ्यांनी दगा दिल्यापासून पूर्ण लग्नाचं काम त्याने सोडलं होतं, पण तो एक फोटो त्याने कुणालाच काढू दिला नव्हता. माझ्या लेकीच्या लग्नाला तेव्हा फार दिवस उरले नव्हते.

आम्ही दोघे दवनीवाड्याच्या एकाच शाळेत शिकलो. पुढे मी मास्तर झालो आणि त्याने गावात फोटोचं दुकान टाकलं. १९९९ साली त्याच्याकडे रोलचा कॅमेरा होता, आणि रोल संपत आला की तो पाहुण्यांवर असा खेकसायचा की कुणाची डोळे मिटायची हिंमत होत नसे. काही वर्षांनी नागपूरहून डिजिटल कॅमेरा आणला. फार भारीतला नाही, फार हलकाही नाही, मधला. सोबतचं पुस्तक इंग्रजीत, म्हणून रविवारी मला बोलावणं आलं. मी मेनूतली एकेक गोष्ट वाचून अर्थ सांगायचा आणि त्याने निकाल द्यायचा. फोकस लागला की टीक टीक वाजू द्यायचं का? "बंद कर. बुद्धवंदना चालू असतानी कॅमेरा कायले बोलते?" थोडा वेळ हात लावला नाही तर कॅमेऱ्याने आपोआप बंद व्हायचं का? "अजिबात नाही. नवरी रडाले लागन अन् हा झोपून राहीन!" डोळा लावायच्या काचेशेजारी एक बारीक चाक होतं. ते फिरवून बिनचष्म्याचं स्पष्ट दिसेल असा आपल्या नजरेचा नंबर त्यात बसवता येतो, हे कळल्यावर तो पोरासारखा खूश झाला. त्या दिवसापासून फोटो काढताना त्याचा चष्मा वहिनींच्या हातात असायचा. वहिनी प्रत्येक लग्नात सोबत असत. दिवा धरायच्या, बायकांना ओळीत उभं करायच्या आणि नवरा कॅमेऱ्याची कोणती बटणं दाबतो ते न्याहाळत राहायच्या.

टीक टीक बंद केल्याने एक नवीनच पंचाईत झाली. फोटो निघाला की नाही, ते दूर उभ्या माणसांना कळेना. मंडळी श्वास रोखून ताटकळत राहत. मग हिरामण स्वतःच ओरडायला लागला, "निघाला!" त्याने असं म्हटल्याशिवाय आमच्याकडची माणसं जागची हलत नसत. एकदा तो म्हणायला विसरला, तर नवरदेवाचे मामा पोट आत ओढून तसेच उभे होते.

निळ्या फोटोची गोष्ट कामठा गावच्या एका लग्नातली. हळदीच्या संध्याकाळी मांडवात पिवळे बल्ब होते. पिवळेपणा मारायला हिरामणने कॅमेऱ्यात बल्बच्या उजेडाची सेटिंग लावली आणि ती बदलायचं विसरला. दुसऱ्या दिवशी भर उन्हात लग्न, कॅमेऱ्याच्या पडद्यावर काही धड दिसेना. आमच्या बौद्ध लग्नात नवरा-नवरीचे कपडे पांढरे, बरीच पाहुणे मंडळीही पांढऱ्यात. सगळे फोटो निळे निघाले. पातळं निळी, सदरे निळे, बुद्धमूर्तीजवळचा हारसुद्धा निळा. हिरामण दोन दिवस जेवला नाही. फोटो घेऊन कामठ्याला गेला तेव्हा मलाही सोबत ओढून नेलं, म्हणाला, मास्तरसमोर लोक कमी मारतात. नवरीचे आजोबा सखारामबाबा यांनी एकेक फोटो डोळ्यांजवळ धरून पाहिला. हिरामण खाली मान घालून म्हणाला, "बिघडले जी बाबा, माफी करा." बाबा म्हणाले, "काऊन? बिघडलं काय यात? आपलाच तं रंग आहे. राहू दे!" आणि त्यातला सगळ्या घराचा एक फोटो त्यांनी मोठा करून बाबासाहेबांच्या तसबिरीखाली लावायला सांगितला. पुढे ज्याच्या त्याच्या तोंडी कामठ्यासारखा निळा फोटो. मग हिरामणने ती चूक कॅमेऱ्याच्या गोल चकतीवरच्या एका खुणेत कायमची साठवून ठेवली. लग्न लागलं की शेवटी सगळ्यांना उन्हात उभं करून चकती त्या खुणेवर न्यायची आणि एकच फोटो काढायचा. प्रज्ञा लहानपणापासून ते पाहत आली होती. हिराकाकाने माझा निळा काढल्याशिवाय मी सासरी जाणार नाही, हे तिचं ठरलेलं वाक्य.

तिचं लग्न मागच्या आठवड्यात झालं. मंगल परिणय आटोपला, फोटोसाठी मंडळी उन्हात जमली आणि निळा फोटो आता कोण काढणार, म्हणून एकमेकांकडे पाहू लागली. गोंदियाचा फोटोवाला भला माणूस. म्हणाला, "अंकल, टेन्शन मत लो, बाद में कंप्यूटर पे नीला कर देंगे." प्रज्ञाचा चेहरा मला पाहवेना. तेवढ्यात निर्मलावहिनी पुढे आल्या. त्यांनी पिशवीतून हिरामणचा कॅमेरा काढला, चकती खुणेवर नेली आणि डोळा लावला. "मले तं सारं धुकट दिसून राहिलं," त्या म्हणाल्या. फोटोवाला लगबगीने म्हणाला, "भाभी, वो छोटा चक्का घुमाओ, आपके नंबर का हो जाएगा." वहिनींनी चाक अंगठ्याने झाकून धरलं. "हात नोको लावू, भाऊ. तो त्याइचा नंबर आहे. फोकस कॅमेरा घेते, मले नाही दिसलं तं चालते."

आम्ही उभे राहिलो. प्रज्ञा मधोमध. वहिनींनी बटण दाबलं असावं, पण आवाज कुणाला आला नाही. कुणी हललं नाही... मीही नाही. फोटो निघाला असणार हे सगळ्यांना समजत होतं, तरी आम्ही श्वास रोखून तसेच उभे होतो, सवयीने, त्याच्यासाठी.

मग कॅमेऱ्यामागून वहिनींचा आवाज आला, "निघाला!"