पापणी लवेपर्यंतचा प्रामाणिकपणा

समस्त नागरिकांस कळवण्यास अत्यंत आनंद होतो की, वैद्यकशास्त्रातला प्रामाणिकपणा मी काल एका सभागृहात प्रत्यक्ष पाहिला. तो पापणी लवेपर्यंत टिकला. भ्रम आणणाऱ्या अळंबीतून नैराश्यावर औषध काढणाऱ्या डॉक्टरांनी ‘या औषधाच्या कंपनीत माझी भागीदारी आहे’ ही स्लाइड दाखवली आणि “ही आपली औपचारिकता,” म्हणत उडवली. मग तासभर औषधाचे गोडवे. कबुली दिली की मंडळी मोकळी! देवळात घंटा वाजवायची आणि बाहेर येऊन दुसऱ्याच्या चपला घालायच्या.

माझ्या शेजारच्या खुर्चीतल्या बाई नैराश्यानं खोलीत कोंडून घेतलेल्या भावाचं नाव हेच डॉक्टर घेत असलेल्या या औषधाच्या चाचणीसाठी द्यायला आल्या होत्या. त्या एकदम उभ्या राहिल्या.

“अहो डॉक्टर, कंपनी तुमची आणि तपासणारेही तुम्हीच, मग माझा भाऊ बरा झाला नाही, तर ते सांगणार कोण?”