राखेच्या ढिगावरून तोरण्याकडे

सोलापूरच्या गिरणीत साच्याखाली, म्हणजे मागाखाली, कापसाची धूळ कधी साचते, कळत नाही. आमच्या चौघांचे किस्से तसेच. झाडायला गेलं की खोकला आणि हसू एकदमच येतं!

चौघे म्हणजे मी, विणकर व्यंकण्णा, टाइमकीपर कुलकर्णीसाहेब आणि धोंडिबा. धोंडिबाचा मामा तोरण्याच्या पायथ्याला. त्याचा निरोप आला, "डोळं चाललंत, दिसतंय तवर ये." धोंडिबा म्हणाला, "तुमीबी चला की! राजगड चढायचा, डोंगराच्या दांडीवरनं तोरणा गाठायचा, दिवस मावळायच्या आत मामाच्या दारात." वाट त्याला एकट्यालाच ठाऊक. पण उन्हाळ्यात तो साच्यावर चक्कर येऊन पडला होता. त्याची बायको पारूवहिनी म्हणाल्या, "डॉक्टर जा म्हनलं तरच! न्हायतर उंबरा वलांडू देनार न्हाय."

डॉक्टरांची चिठ्ठी मिळेपर्यंत आम्ही तयारीला लागलो.

* * *

कुलकर्णीसाहेब मॅट्रिक. त्यांनी सांगितलं, "तो सगळा डोंगर म्हणजे जमिनीच्या पोटातून आलेला उकळता रस. थिजून दगड झाला."

व्यंकण्णा घाबरला. "आजून गरम आसंल का हो?"

मी चौथीत शाळा सोडलेला, पण एवढी संधी सोडत नाही! बॉयलरशेजारी एक काळा दगड तासभर ठेवला. फडक्यात गुंडाळून त्याच्या हातावर ठेवला. "तोरण्यावरनं आलाय. हितवर येऊनसुद्धा निवला न्हाय बघ!"

"अय्यो!" म्हणून त्यानं दगड टाकला आणि त्याच दिवशी वहाणांना मोटारीच्या टायरचे दुहेरी तळ ठोकून घेतले. खरं कळल्यावर चार दिवस माझ्याशी बोलला नाही. तळ मात्र काढले नाहीत!

* * *

चढायचा सराव कुठं करायचा? सोलापूरला किल्ला आहे, पण भुईकोट! शेवटी गिरणीमागचा बॉयलरच्या राखेचा ढीग धरला. दोन माणसं उंच.

कुलकर्णीसाहेब पांढरं धोतर नेसून आले. वर पोचले, "पाहा, युक्ती असते!" म्हणाले, आणि थेट आमच्या पायाशी आले. घरी गेले तर त्यांच्या मंडळींनी दार अर्धंच उघडलं.

"आज कोळसा नको. मंगळवारी या!"

* * *

दोर व्यंकण्णानं स्वतः वळला. गिरणीतलं टाकाऊ सूत, मधे विणकरी गाठी. कुलकर्णीसाहेबांनी कडुलिंबाच्या फांदीला बांधून लोंबकळून पाहिलं. फांदी मोडली. साहेब खाली, फांदी साहेबांवर.

व्यंकण्णा धावत गेला. साहेबांना ओलांडून गाठ चाचपली.

"शाबूत हाय!"

* * *

लांब चालायचा सराव एकदाच केला. आमच्या गिरणीला सुट्टी होती, शेजारची चालू. तुळजापूरच्या रस्त्यानं दोन कोस गेलो, झाडाखाली कडक भाकरी आणि शेंगांची चटणी सोडली. पहिला घास घेतला आणि लांबून शेजारच्या गिरणीचा भोंगा वाजला.

चौघेही उठलो. भाकऱ्या गुंडाळल्या आणि झपाझप सोलापूरकडे निघालो. निम्मी वाट आल्यावर धोंडिबा थांबला. "आरं, आपल्याला सुट्टी हाय की!"

सगळ्यात पुढं कोण होतं? टाइमकीपर!

* * *

मग चिठ्ठीचा दिवस आला. डॉक्टरांचा दवाखाना तीन मजली माडीच्या तळाला. डॉक्टर स्वभावानं फार चांगले, अंगानं त्याहून भरलेले. धोंडिबाला म्हणाले, "जिना तीनदा चढून उतरा, मग छाती ऐकतो. मी येतो बरोबर मोजायला. तुम्ही गिरणीवाले दोनाला तीन म्हणाल!"

दोघे गेले. आम्ही तिघे बाहेर. पारूवहिनी दारात, पदराचं टोक दातात. मलाही त्या दिवशी चेष्टा सुचेना. मामाचे डोळे, धोंडिबाची छाती, सगळं त्या जिन्यावर.

एकदा पावलं वर गेली, खाली आली. दुसऱ्यांदा गेली, आली. तिसऱ्यांदा गेली ती येईचनात.

मग वरून धापा ऐकू आल्या. सावकाश, पायरी पायरी करत. वळणावर चार पाय दिसले, दोन फरफटत होते. वहिनी मटकन खाली बसल्या. "इठ्ठला!"

वळणावरून धोंडिबा खाली आला. खांद्यावर डॉक्टरांचा हात, बगलेत डॉक्टरांची छाती तपासायची नळी.

"पानी आना जरा," धोंडिबा म्हणाला. आवाज खणखणीत. "सायेब, बसा हितं. बोलू नका."

डॉक्टरांनी बोलायचा प्रयत्न केला, जमेना. नुसता हात उचलून धोंडिबाला रस्ता दाखवला, जा म्हणून.

पारूवहिनींनी डोळे पुसले, पदर खोचला.

"भाकऱ्या किती बांधू?"