अण्णांनी आज चेअरमनकी सोडली

मित्रांनो, आज फार थकून गेलेय, म्हणून इथं लिहितेय.

मी तिसगावला ज्युनिअर कॉलेजात इतिहास शिकवते. आजचा तास अमेरिकेच्या पहिल्या अध्यक्षांवर होता. लोक 'अजून एकदा राहा' म्हणत असताना ते आपणहून पद सोडून शेतावर परतले, हे शिकवताना माझे वडीलच डोळ्यांसमोर येत होते.

अण्णा आमच्या गावच्या दूध संस्थेचे कित्येक वर्षांचे चेअरमन. हल्ली बैठकीत त्यांना डुलक्या लागतात, तरी यंदाही उभं राहायचंच म्हणत होते. समजावून समजावून मी दमले होते. दुपारी जेवताना त्यांना वर्गातली हीच गोष्ट सांगितली.

हातातला घास तसाच ठेवून त्यांनी विचारलं, "मग मागनं कुनी येत हुतं का त्याच्याकडं?"

"पुष्कळ येत होते, अण्णा. घर पाहुण्यांनी भरलेलं असायचं."

हे खरं आहे, मी वाचलंय.

संध्याकाळी संचालक मंडळी आली. अण्णा म्हणाले, "यंदा मी न्हाई. तुमी नवा मानूस बगा."

मला वाटलं, कुणीतरी एकदा तरी आग्रह करील. सगळे "बरं झालं, आता आराम करा" म्हणाले, चहा संपवला आणि उठले. फाटकाबाहेर जाईपर्यंत नव्या नावाची चर्चा सुरू झाली होती.

तेव्हापासून अण्णा ओसरीवरच बसलेत. जेवायला बोलावलं तर म्हणाले, "थांब जरा, कुनी यील."

निर्णय योग्यच होता, मला शंका नाही. पण तुमच्या घरी कुणी असं पद सोडलं असेल तर सांगा, उद्या सकाळी मी त्यांच्याशी काय बोलू?