समुद्रातली बाभळ

बोटीच्या थंडगार दालनात डिझेलचा, मिठाचा आणि कुणाच्या तरी केसांतल्या खोबरेल तेलाचा वास मिसळून गेला होता, आणि त्या सगळ्यांना बाजूला सारून मधूनच एक खमंग, किंचित कडवट वास वर येत होता. तो आत्याच्या कापडी पिशवीतल्या कारळाच्या चटणीचा होता. डब्याला घट्ट झाकण, वर प्लास्टिकची पिशवी, तिच्यावर रबर असा बंदोबस्त तिने केला होता, पण वासाला असे बंदोबस्त कुठे कळतात. खिडकीच्या जाड काचेपलीकडे समुद्र आधी पोपटी, मग निळा, आणि मग माझ्या रंगपेटीत नावच नसलेल्या एका निळाईचा होत गेला. काचेच्या अलीकडे, आम्हा दोघींच्या मध्ये, परभणीचं स्वयंपाकघर दरवळत होतं. समोरच्या बाकावरची माणसं हळूच नाक वर करून त्या वासाचा उगम शोधू लागली, तेव्हा मी लाटा पाहण्यात फार गढून गेले.

मी खरं तर अशा ठिकाणी जाणाऱ्यांतली नव्हे. परभणीच्या घरी गच्चीवरच्या खोलीत बसून पुण्यातल्या एका कंपनीचं काम करायचं, आणि उन्हं उतरली की सुट्या कागदांवर चित्रं काढून ती गादीखाली सपाट करून ठेवायची, एवढंच माझं जग. ती चित्रं कुणीही पाहिलेली नव्हती. अंदमानातल्या एका लहानशा बेटावर आठवडाभर अनोळखी माणसांनी एकत्र बसून चित्रं काढायची, अशी जाहिरात फोनवर दिसली, आणि कुठल्या धाडसाच्या क्षणी कोण जाणे, मी नाव नोंदवून टाकलं. नंतर दोन रात्री झोप नव्हती. बाबा फक्त “एकटी?” एवढंच म्हणाले. त्याचं उत्तर पूर्णेहून आलं. आत्याने उभा जन्म पूर्णा जंक्शनच्या तिकीट खिडकीत काढला होता. लोकांना काशीपासून कन्याकुमारीपर्यंत पाठवलं आणि निवृत्त झाल्यावर पासावर स्वतःही तिथे जाऊन आली. “रूळ संपले की माझा पास संपतो,” ती बाबांना म्हणाली. “त्याच्या पुढं काय हाय ते मला बी बघू दे की. तू कशाला फिकर करायलास?” धक्क्यावरून बोटीत चढताना मात्र तिने माझा दंड घट्ट धरला होता. “माय, हा फलाट लय हालायलाय.”

बेटावर पहाट लवकर आणि भरभरून येई. ओल्या पानांचा, कुजक्या शेवाळाचा, कुठेतरी पेटलेल्या नारळाच्या करवंट्यांचा वास घेऊन ती आमच्या झोपडीवजा खोलीत शिरायची, आणि मी जागी होऊन पाहायची तो आत्या उंबऱ्याबाहेर तांदळाच्या पिठाने रांगोळीची चार बोटं ओढत बसलेली असायची. आम्हाला चित्रांकडे नेणाऱ्या सुनंदाताई नागपूरच्या, पांढऱ्या केसांच्या, कमी बोलणाऱ्या. शिकवणं असं त्या करतच नसत. त्यांचा एकच रिवाज होता. दोन माडांच्या मध्ये त्यांनी एक दोरी बांधली होती आणि तिच्यावर माणशी एक लाकडी चिमटा लावला होता. संध्याकाळच्या चहाआधी ज्याने त्याने दिवसातलं एक चित्र आपल्या चिमट्याला अडकवायचं, मग प्रत्येकाने दुसऱ्याच्या चित्रासमोर उभं राहून त्यात आपल्याला काय दिसतं ते एकाच वाक्यात सांगायचं. वाहवा नाही, चुका काढणं नाही, फक्त दिसतं ते.

एवढीशी ती गोष्ट, पण मी त्या दोरीपासून लांबच राहायची. चित्र चांगलं की वाईट ही भीती त्यात फारशी नव्हतीच; भीती होती ती दिसण्याची. इंग्रजी शाळेत वर्गात ‘लय’ म्हटलं की मागच्या बाकावरून हसू यायचं, तेव्हापासून मी एक नितळ, कुठल्याच गावची नसलेली मराठी बोलायला शिकले. पुण्याच्या वसतिगृहात ती आणखी घासूनपुसून घेतली. कुठली म्हणून विचारलं तर मी “मराठवाड्यातली” असं म्हणायची आणि पुढचा प्रश्न येण्याआधी दुसरा विषय काढायची. परभणीची लाज होती असं नाही. आपल्याविषयी कुणाला फार काही कळू नये, एवढंच. पहिल्या संध्याकाळी मी आजारी असल्याचं सांगितलं, दुसऱ्या संध्याकाळी कागद ओला असल्याचं. सुनंदाताईंनी माझा चिमटा काढला मात्र नाही. रंगीत कागदांच्या त्या फडफडत्या रांगेत तो रिकामा चिमटा पडलेल्या दातासारखा दिसायचा.

मग एका संध्याकाळी तिथे काहीतरी लटकलेलं दिसलं. जवळ जाऊन पाहते तो आत्याचा फुलाफुलांचा रुमाल. “वाळायला दुसरी जागा न्हाई,” आत्या शांतपणे म्हणाली. मला वाटलं, आता जमीन दुभंगावी. पण आमच्यातले काळेकाका, जे जन्मभर लोकांचे दात काढून आता बगळे काढत होते, ते हात मागे बांधून गंभीरपणे रुमालासमोर उभे राहिले आणि म्हणाले, “मला यात एक गाठ मारलेला कोपरा दिसतो. आत काहीतरी जपलेलं आहे.”

“पूर्णेच्या घराची किल्ली हाय,” आत्या म्हणाली. “दिसली ना? आता तुमी चोरायच्या आत काढून घेते.”

सगळे पोट धरून हसले. सुनंदाताईही हसल्या. हसणं ओसरलं तसं माझ्या ध्यानात आलं, की किल्ली साऱ्यांना दिसली आणि आत्याचं काहीच गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी ओहोटी फार लांबवर गेली. समुद्र जणू कुणीतरी गुंडाळून क्षितिजाशी ठेवला होता आणि त्याच्या जागी ओली, काळसर, चकाकणारी वाळू उघडी पडली होती, वाऱ्याने आणि पाण्याने तिच्यावर समांतर रेघा ओढलेल्या. बाकीचे खारफुटीच्या मुळांपाशी बसले. मी एकटीच दूर, एका ओंडक्यावर. हात आपोआप चालत होता, निळ्याकडे न जाता करड्या-तपकिरीकडे जात होता, ऊन पाठीवर चढत होतं आणि कितीतरी वेळाने प्रथमच मी स्वतःकडे पाहत नव्हते. पाठीमागे सावली पडली तेव्हा दचकले.

आत्या वाकून पाहत होती. “अगं, ही तर आपली काळी माती हाय,” ती म्हणाली. “पिंगळीचं टेसन सोडलं की गाडीतून दिसती तशी. नुकतीच वखरलेली.” मग तिने बोट टेकवलं. “आन् समुद्रात बाभळ कुठून आली?”

मी पाहिलं. क्षितिजाच्या रेषेवर, जिथे खरोखर पाण्यावाचून काहीही नव्हतं, तिथे मी एक झाड काढलं होतं. बसकं, विरळ, एका अंगाला कललेलं. बांधावरची बाभळ. ती केव्हा काढली ते मला आठवेना. आमच्याकडे रान नजर जाईल तिथवर सपाट असतं, पण रिकामं कधीच नसतं. कुठल्याही बाजूला पाहा, दूर कुठेतरी एक झाड उभं असतंच. माझ्या हाताला रिकामं क्षितिज ठाऊकच नव्हतं. मी कुंचला पाण्यात बुडवला आणि ते झाड धुऊन काढायला निघाले.

“राहू दे,” आत्या म्हणाली. ती ओंडक्याच्या दुसऱ्या टोकाला बसून पायांची वाळू झाडत होती. “भर उन्हात माणसानं बसायचं कुठं मग?”

कुंचल्यावरून एक थेंब वाळूत पडला. मी तो कागदावर पडू दिला नाही.

त्या आमच्या बेटावरच्या शेवटच्या संध्याकाळी माझ्या चिमट्याला चित्र होतं. लावताना वाऱ्याने कागद उलटा होऊन एकदा माझ्याच तोंडावर बसला. मंडळी दोरीच्या कडेने सरकत आली. काळेकाका बराच वेळ थांबले. “मला इथे झाडाखाली जेवणाचा डबा सोडून बसलेला एक माणूस दिसतो,” ते म्हणाले, “पण तो अजून पोचायचा आहे.” मग सुनंदाताई आल्या. आपलाच नियम मोडून त्यांनी प्रश्न विचारला, “कुठली ही जागा?”

मागे कुठे पळायला जागा नव्हती. मागे समुद्र होता, भरतीचा. “परभणी,” मी म्हणाले. आवाज ओळखू आला नाही म्हणून पुन्हा म्हणाले, “परभणी आणि पिंगळीच्या मधली.” कुणी हसलं नाही. कुणी पुढचा प्रश्नही विचारला नाही. सुनंदाताईंनी मान हलवली आणि त्या पुढच्या चित्राकडे गेल्या. इतकी वर्षं दार लावून जे सांभाळलं, ते उघडल्यावर आत फक्त वारा शिरला. आत्याने तोवर आमच्या खोल्यांच्या यजमानीणबाईंना पटवून चुलीचा ताबा घेतला होता. त्या रात्री माशांच्या कालवणाबरोबर कारळाची चटणी आणि ज्वारीची भाकरी होती, आणि काळेकाका दातांना जपून, पण सारखी मागत होते.

परतीच्या वाटेवर विमान झालं, हैदराबादची गाडी झाली, नांदेड मागे पडलं. पूर्णेला आत्या उतरली. चित्र तिनेच मागून घेतलं होतं, वर्तमानपत्रात गुंडाळून, रिकाम्या डब्यांच्या मधे उभं ठेवलेलं. फलाटावरून खिडकीशी येऊन ती म्हणाली, “बाभळीवर ध्यान ठेव. दिसली की फोन कर.”

गाडी हलली. मिरखेल गेलं, पिंगळी गेलं. फेब्रुवारीचं उतरतं ऊन ज्वारीच्या पिवळ्या कणसांवरून वाहत होतं, कापूस उपटून नांगरलेली काळी ओहोटीसारखी पसरली होती, आणि उघड्या खिडकीतून मातीचा, कडब्याचा, लांबच्या धुराचा वास आत येत होता. झाडं होती, कडुलिंब होते, एकदोन बाभळीही होत्या. पण ती, तशी कललेली, तशी एकटी, कुठेच नव्हती. मी दोन्ही बाजूंच्या खिडक्या पाहिल्या. परभणीचं पहिलं फाटक दिसू लागलं तेव्हा फोन वाजला.

“दिसली का गं?”

शेजारी डबाभर माणसं होती. त्यांच्यापैकी कुणी ऐकतंय का, हे पाहायचं माझ्या मनातही आलं नाही.

“न्हाई दिसली, आत्या,” मी म्हणाले. “पण तिला जागा लय हाय.”